एक माठ सोडून

आमच्या घरातल्या लाकडी कपाटाचं दार उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि मग दाराला आतून चिकटवलेला एक कागद दिसायचा. त्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘भाडेकरूची कर्तव्ये’. भाडे वेळेवर देणे. विचारल्याशिवाय भिंतीत खिळा न ठोकणे. मोरी तुंबू न देणे. पोटभाडेकरू न ठेवणे. शेजाऱ्यांना उपद्रव न देणे. घर सोडताना पूर्णपणे रिकामे करून देणे. बाकीच्या मुली पाढे पाठ करायच्या तेव्हा मी हे पाठ केलं होतं, आणि अजूनही ते डोळे मिटून म्हणू शकते.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. नागपुरात तेव्हा जुन्या मध्यप्रांतापासून चालत आलेला घरभाड्याचा कायदा होता. मालकाच्या मनात आलं म्हणून भाडेकरूला काढता येत नसे. त्यासाठी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची, आणि ती ठरावीक कारणांसाठीच मिळायची. ती कारणं बाबांनी कचेरीतल्या प्रतीवरून उतरवून घेतली होती. “कायदा आपल्या बाजूनं आहे,” ते म्हणत, “पण आपण त्याच्या बाजूनं असलो तरच.” मौद्याहून आत्या आठ दिवसांसाठी आली तर तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः मालकांकडे जाऊन सांगून यायचे, की ही पाहुणी आहे, पोटभाडेकरू नाही. आत्या त्यावरून दोन वर्षं रुसून बसली होती.

मला तेव्हा हे सगळं हास्यास्पद वाटायचं. आता वाटत नाही. माझ्या जन्माच्या सुमारास आईबाबांनी धम्म स्वीकारला, आणि त्यानंतर शहरात खोली शोधताना त्यांना जे ऐकावं लागलं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनीच सांगितलं. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. एकदा सामान बैलांच्या रेंगीवर चढवलेलं असताना नकार आला होता. धंतोलीतलं हे घर कचेरीतल्या एका वरिष्ठांच्या शब्दावर मिळालं. आडनाव विचारायचं मालकांना नंतर सुचलं, आणि तोवर आमची चूल पेटली होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तोंड जरा आंबट केलं आणि विषय सोडून दिला.

पुढे मालकांचा बंगला, मागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला कवेलूंच्या छपराच्या आमच्या दोन खोल्या. मालकीणबाईंना मी काकू म्हणायची. त्या रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या, आईशी बोलायच्या, माझ्या वेणीला नावं ठेवायच्या. आईनं चहा विचारला की म्हणायच्या, “आज उपास आहे वं.” आई हसत सांगायची की ह्या बाईचे उपास आठवड्याचे सातही दिवस असतात. पाण्याचा घोटही त्यांनी आमच्याकडे कधी घेतला नव्हता. आम्ही ते मनावर घेत नव्हतो, म्हणजे घेत होतो, पण बोलत नव्हतो.

आणि तरीही दर उन्हाळ्यात आमच्या गावाला, खाप्याला जाताना आमच्या घराची किल्ली काकूंकडेच जायची. मागच्या दारापाशी, जिथं घरातूनच जाता यायचं, मोगऱ्याच्या चार कुंड्या होत्या, त्यांना पाणी घालायला. पुढच्या घराला किल्ली देऊन गावाला जायचं, ही तेव्हाची रीत होती आणि तिच्यात कोणालाही काही वावगं दिसत नसे. एवढे कायदे पाठ असलेल्या बाबांनासुद्धा दिसलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षी होळी झाली आणि खाप्याच्या मोठ्या काकांना लकवा मारला. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. आम्ही तिघंही खाप्याला राहायला गेलो. आई त्यांचं करायची, बाबा रोज एस.टी.नं नागपूरला कचेरीत येऊन शेवटच्या सोयीच्या गाडीनं परतायचे. आठ दिवस, पंधरा दिवस म्हणता म्हणता मुक्काम लांबला. मग एका रविवारी काकांना अंघोळ घालता घालता बाबा एकदम थांबले. कारणांच्या यादीतलं एक कारण त्यांना आठवलं होतं. भाडेकरू सलग चार महिने गाव सोडून राहिला आणि त्याला घराची गरज दिसत नसली, तर मालकाला घर परत मागता येत होतं.

“एक रविवार आड तू जायचं,” त्यांनी मला बजावलं. “कुलूप उघडायचं, झाडायचं, दोन घंटे राहायचं आणि परत यायचं. घर वापरात राहिलं पाहिजे. कचेरी सुटली की मला गाडीच गाठावी लागते, आणि रविवारी ह्यांना सोडता येत नाही.” मी बी.ए.ला बाहेरून बसले होते, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ होता. घर राखायची जबाबदारी अशी माझ्या गळ्यात पडली.

पहिल्या रविवारी मी काकूंकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि आत जाऊन दार नुसतं लोटून घेतलं. बाहेर चैत्राचं ऊन भाजत होतं, आत गार अंधार होता. माणसं नसलेलं आपलं घर मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. आईची पळी खुंटीला, बाबांचा जुना कोट, बुद्धाची तसबीर, सगळं होतं तिथंच होतं, पण कोणी माझ्याकडे काही मागत नव्हतं. झाडू हातात घेतला आणि ठेवून दिला. सतरंजी उलगडून मधल्या खोलीत अंथरली आणि तिच्यावर आडवी झाले.

कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते सरकताना दिसत नसत, पण जरा डोळा लागून उघडला की एखादा पायापासून गुडघ्यापर्यंत आलेला असायचा. लांब कुठेतरी सायकलरिक्षाची घंटी वाजली, कडुनिंबात कोकीळ ओरडला, मग तेही थांबलं. मी झोपले होते की जागी होते ते मला आजही सांगता येणार नाही. दिवा लावावा असं एकदाही मनात आलं नाही. उजेड केला असता तर ते सगळं मोडलं असतं. कवडसा माझ्या तळहातावर आला तेव्हा मी उठले, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि किल्ली परत दिली. खाप्याला पोचल्यावर बाबांनी विचारलं, “झाडलंस?” मी हो म्हटलं. एवढं लहानसं खोटं मला तेव्हा मोजण्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या खेपेला तसंच. त्या दोन घंट्यांसाठी मी तेरा दिवस जगत होते म्हटलं तरी चालेल. कन्हानच्या काठावर कपडे धुताना मला ती खोली आठवायची, आणि मी साबण पाण्यात सोडून द्यायची. आई वैतागायची.

तिसऱ्या खेपेला दार उघडलं आणि थबकले. सतरंजी अंथरलेली होती. मी झोपायची तिथं नाही, स्वयंपाकाच्या खोलीत, खिडकीखाली. खिडकी बोटभर उघडी होती आणि तिच्यातून अंगणातल्या जाईचा वास येत होता. कोपऱ्यातला माठ, जो आम्ही जाताना पालथा घातला होता, सरळ ठेवलेला आणि गळ्यापर्यंत भरलेला. मी हात लावून पाहिला. बाहेरून ओला आणि थंडगार होता.

मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. मला वाटलं, घरच आमच्यामागं राहत असावं. आम्ही गेल्यावर ते सतरंजी टाकतं, खिडकी उघडतं, पाणी पितं. मालकीणबाईंकडे किल्ली असते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बंगला ज्यांचा, त्यांना आमच्या फरशीवर येऊन पडायची काय गरज? मी त्या सतरंजीच्या काठावर, तिच्यावर पाय न देता, दोन घंटे बसून राहिले. दुसऱ्याच्या झोपेत आपण शिरलोय असं वाटत होतं.

त्यानंतर मी गेलेच नाही. भीती अर्धी, आणि अर्धं असं की ज्याचं ते चाललंय ते आपण बिघडवू नये. एस.टी.तून उतरायची आणि महाराजबागेत जाऊन झाडाखाली बसायची. पिंजऱ्यातला सिंह दुपारी झोपेत गुरगुरायचा. मांडीवर पुस्तक उघडं असायचं आणि पान उलटलेलं नसायचं. संध्याकाळी खाप्याला पोचले की बाबा विचारायचे, झाडलंस? आणि मी म्हणायची, झाडलं.

आषाढ सरता सरता काका गेले. त्यांचं सगळं आटोपून आम्ही घरी परतलो, आणि आठ दिवसांत वकिलाची नोटीस आली. मालकांचा मुलगा हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला होता, त्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्याला मागच्या दोन खोल्या हव्या होत्या. नोटिशीत लिहिलं होतं की भाडेकरू चार महिन्यांहून अधिक काळ गाव सोडून गेला, जाताना किल्ली मालकाच्या घरी सोपवून गेला, म्हणजे ताबाच देऊन गेला. आणि पुरावा म्हणून विजेचं मीटर. आम्ही गेलो त्या दिवशीचा आकडा आणि परतलो त्या दिवशीचा आकडा एकच होता.

बाबा ओसरीवरच्या मीटरसमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दिवा एकदाही लावला नाही का गं?” रागावले नव्हते. ते रागावले असते तर मी तिथंच सगळं सांगून टाकलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर रेंगीवर चढवलेलं सामान पुन्हा दिसत होतं, आणि मी फक्त नाही म्हणून मान हलवली. आई आत भाकऱ्या थापत होती. थापणं मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

हे घर गेलं तर दुसरं मिळणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मालकांच्या अर्जाची सुनावणी रेंट कंट्रोलरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत होती. बाबांनी वकील केला नाही. कपाटातला तो कागद काढून, घडी घालून खिशात ठेवला होता. मालक काकूंना घेऊन आले होते, बाबांनी किल्ली दिली एवढं सांगायला. काकू डोक्यावरून पदर घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. घराबाहेर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्या फारच लहानखुऱ्या दिसत होत्या.

बाबांनी सांगितलं की मुलगी एक रविवार आड घरी येत होती. अधिकारी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “मग मीटर कसं हललं नाही?”

“मी दिवा लावत नसे.”

“का?”

“अंधार बरा वाटतो.”

मागं कोणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. “एकूण किती वेळा आलात?”

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे निर्धास्त मनानं बघत होते, की मी आता आकडा सांगेन आणि प्रश्न मिटेल. तीन म्हटलं तर घर जाणार होतं. दुसरं काही म्हटलं तर मी बाबांच्या समोर, बाबांच्या कायद्यासमोर खोटं बोलणार होते.

“एक ऐतवार आड येत होती जी,” भिंतीकडून आवाज आला.

मालकांनी वळून पाहिलं. अधिकारी म्हणाले, “तुम्हाला विचारल्यावर बोला.” मग त्यांनी विचारलंच. किल्ली तुमच्याकडे होती?

“हाव. कुंड्याईले पाणी द्याले. दरसाल देतेत.”

“घर सोडून चाललो असं म्हणाले होते?”

“नाही जी. माणूस घर सोडते तवा पळी खुटीले टांगून जाते का? घर उघडत होतं. पोरगी येत होती, सतरंजी टाकून पडत होती. दिवा नाही लावत होती, ते खरं हाय. उजेडानं डोस्कं दुखते तिचं.”

त्यांनी हे एका दमात सांगितलं आणि पदर पुढे ओढला. परवानगी नाकारली गेली. जिन्यावरून उतरताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी एका बाईला स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध, स्वतःच्या मुलाविरुद्ध खोटं बोलताना ऐकलं होतं, आणि मूग गिळून बसले होते.

मुलाचं लग्न झालं आणि तो गच्चीवरच्या खोलीत राहिला. मालक काकूंशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. आमच्या अंगणातून ती शांतता कळायची. आधी दिवसभर त्यांच्या हाका ऐकू यायच्या, त्या बंद झाल्या. काकू उंबऱ्यापर्यंत येत राहिल्या, चहाला नाही म्हणत राहिल्या. कचेरीतल्या त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आणि उन्हाळा आला की किल्ली पुन्हा त्यांच्याकडेच जायची. बाबांनी फक्त तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्यायला सुरुवात केली, ‘ताबा आमचाच आहे’. आम्ही परतलो की माठ भरलेला असायचा. आई म्हणायची, बाई मनानं चांगली आहे, आपल्यासाठी पाणी भरून ठेवते.

बऱ्याच वर्षांनी बाबांनी शहराच्या टोकाला प्लॉट घेऊन तीन खोल्या बांधल्या. माझं लग्न झालं होतं, मी शाळेत शिकवत होते. घर रिकामं करायला मी आले. बाबांनी आठ दिवस आधीपासून भिंतीतली खिळ्यांची भोकं चुन्यानं बुजवली होती, मोरी घासली होती. सामान गेलं. मी शेवटचा झाडू मारत होते, त्या रविवारी राहिलेलं झाडणं एकदाचं फेडत, आणि काकू आत आल्या. उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. सरळ स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या आणि खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या.

मी झाडू ठेवला आणि इतक्या वर्षांचं ते एकदाचं सांगून टाकलं. “काकू, मी तीनदाच आले होते.”

“मले मालूम हाय. किल्ली कोणाजवळ होती?”

“मंग काहून सांगितलं तसं?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

कवेलूंतून आलेला एक कवडसा त्यांच्या पायाशी होता, काकू त्याच्याकडे बघत होत्या.

“तू नाही येत होती तवा मी येत होती,” त्या म्हणाल्या. “कुंड्याईले पाणी देऊन येते म्हणो घरी. इथीच पडत होती, खिडकीखाली. दोन घंटे. तिकडं एवढं मोठं घर, पण जिथी पडलं तिथून कोणी ना कोणी उठवे. इथी मले कोणी हाक नाही मारली. तुमच्या माठात पाणी भरत होती आन तेच पेत होती. लय थंड राहे.”

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले.

“पोरगा राहाले आला असता,” त्या म्हणाल्या, “तं मले किल्ली कोणं देल्ली असती वं?”

एवढ्यात बाबा ताब्याचा कागद घेऊन आले. मागं मालक, त्यांचा मुलगा आणि सून. मालक आता काठी टेकत चालायचे. बाबांनी कागद वाचून दाखवला, की घर पूर्णपणे रिकामे करून ताबा दिला आहे. दोघांच्या सह्या झाल्या. बाबांनी किल्ली मालकांच्या हातात दिली, मालकांनी ती सुनेला दिली, आणि तिनं ती कमरेला खोवली. काकूंच्या हाताशी ती आलीच नाही.

मग बाबांची नजर कोपऱ्यात गेली. “हा राहिला,” ते म्हणाले, आणि माठ उचलायला वाकले.

“राहू द्या तो,” काकू म्हणाल्या. “मी पाणी पेते त्याचं.”

नवऱ्यासमोर, मुलासमोर, सुनेसमोर म्हणाल्या. मालक काठीकडे बघत राहिले. बाबा वाकलेले होते ते तसेच क्षणभर थांबले आणि सावकाश सरळ झाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना बाकीचं काहीच माहीत नव्हतं आणि मी त्यांना ते पुढेही कधी सांगितलं नाही. पण ह्या घरात आल्यापासून काकूंनी नाकारलेले सगळे चहा त्यांनाही आठवत असणार.

त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला, आणि ‘पूर्णपणे रिकामे करून’ ह्या शब्दांच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘एक माठ सोडून’. तिथं स्वतःची छोटी सही केली आणि मालकांचीही घेतली.